उचल न घेणारे अकरा जण

"सहाला फौजदार येतील, तेव्हाच फाटक उघडायचं," रणधीर इंगवले वॉचमनला म्हणाले. साखळी खडखडली आणि कुलूप बाहेरून लागलं. मग ते माझ्याकडे वळले. "तोवर निवांत बसा, मॅडम. सोमवारची सुट्टी आहे. कुणी त्रास द्यायचं नाही."

दाताचा डॉक्टर ज्या आवाजात "जरा तोंड उघडा" म्हणतो, त्या आवाजात त्यांनी ते 'निवांत' म्हटलं होतं.

ही हेमलता फाउंड्री. कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत. पगार अजून पाकिटातून रोख वाटले जात, त्या काळातली गोष्ट आहे. हेमलता म्हणजे रणधीररावांच्या मातोश्री. बोर्डावर नाव त्यांचं, भागीदारीच्या कागदात मात्र त्या कुठंच नव्हत्या. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते गेल्यापासून कारखाना एकट्या रणधीररावांचा. मी त्यांचे हिशेब तपासायची, आणि माझी मागची दोन बिलं त्यांच्या टेबलाच्या खणात निवांत पडून होती.

महिन्यापूर्वी सरकारी विमा खात्याचा निरीक्षक येऊन गेला होता. त्यानं हजर माणसं मोजली तर पगारपत्रकापेक्षा अकरा डोकी कमी भरली. म्हणजे अकरा नसलेली माणसं इथं कामाला होती आणि दर सात तारखेला पगार उचलत होती. कोण नसलेलं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण रणधीररावांनी चोर त्याच दिवशी ठरवून टाकला: लहू गुरव, टाइमकीपर. हजेरी तो घेतो, म्हणजे चोरीही त्याचीच. त्यामुळे खोटी नावं कोणती, हे त्याला विचारायचाही प्रश्न नव्हता. आता हे कुणीतरी सहीनिशी लिहून द्यायला हवं होतं.

केबिनमध्ये टेबलावर टाइप केलेला कागद ठेवला होता. माझाच अहवाल. मी तो अजून लिहिला नव्हता, एवढंच.

"आकडा तेवढा भरा आणि सही करा," ते म्हणाले. "मागची बिलंही आजच मिटवून टाकू."

"आणि सही नाही केली तर?"

"असं कसं होईल?" ते हसले. "सहाला फौजदारांना काहीतरी द्यायला पाहिजे की हातात." आणि फोन होता त्या आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

लहूला त्यांनी सकाळीच बोलावून स्टोअरमध्ये बसवलं होतं. कडी बाहेरून. मी ती काढली, तेव्हा तो रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवरून धडपडत उठला. पन्नाशीचा, वाळलेला, कपाळाला गंध.

"बाई, मी काय केलेलो नाही."

"काहीच नाही?"

"तसं दोघाचौघांची हजेरी लावलोय. उशीर झाला असला की. चहा-वड्यावर." जरा थांबून म्हणाला, "वडा एकच घ्यायचा मी."

"आणि उचलीच्या चिठ्ठ्या?"

त्यानं मान खाली घातली. उचल म्हणजे पगारातून आगाऊ मागून घेतलेली रक्कम. ज्याला हवी त्यानं चिठ्ठी लिहायची, लहूनं चिठ्ठ्या गोळा करून गठ्ठ्यानं मालकांपुढं ठेवायच्या, मालकांनी सही करायची, अशी पद्धत. घाईतल्याची चिठ्ठी गठ्ठ्यात वर ठेवायचे लहू पाच रुपये घेई.

"ते मालकास्नी सांगू नका," तो म्हणाला. "बाई, पोरीची सुपारी फुटलीया. पुढच्या महिन्यात अक्षता. पोलीस दारात आले तर पाव्हणं उलट्या पावली जातील. आणि त्या पोरीला पुन्हा कोण विचारणार?"

"रोजच्या हजेरीचे तुमच्या हातचे कागद असतील ना? तेच दाखवू."

"ते कुठलं? महिना झाला की भट्टी पेटवायला जातात."

म्हणजे त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा दर महिन्याला बिडाबरोबर वितळत होता. मी कडी उघडीच ठेवून केबिनमध्ये परत आले. खिडक्या वाळूचा धुरळा नको म्हणून कधीच्या रंगानं चिकटवून टाकलेल्या. वर पत्रा. भट्टी थंड होती तरी आत उकडत होतं.

केबिनमधल्या काचेच्या भिंतीपलीकडं संयोगिताबाई बसल्या होत्या. रणधीररावांची थोरली बहीण. कारखान्यात सगळे त्यांना अक्का म्हणत. सासर सुटलं तेव्हा मुलीला घेऊन माहेरी आल्या आणि आबांच्या हाताखाली हिशेब शिकल्या. पगारपत्रक करायचं आणि पाकिटं भरायची, हे त्यांचं काम. त्याचा पगार नाही. "घरचंच माणूस, पगार कसला?" असं रणधीरराव एकदा मला म्हणाले होते, आणि घरच्या माणसाचा खर्च वाचला म्हणून खूशही दिसले होते. सुट्टीच्या दिवशी त्या आल्या होत्या, कारण कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या आणि आमच्यासाठी डबाही त्यांनीच आणला होता.

"काय काय काढून देऊ?" त्यांनी काचेच्या फटीतून विचारलं.

"पगारपत्रकं. आणि उचलीची वही."

"उचलीची कशाला?"

"माणसं कागदावर कशी जगतात ते बघायला."

त्या हसल्या आणि सहा वर्षांच्या वह्या आणून ठेवल्या.

पगारपत्रकात काही मिळालं नाही. सगळे हजर, सगळ्यांच्या सह्या, आणि सह्या वेगवेगळ्या हातच्या. काही तर इतक्या कष्टानं केलेल्या की वाचताना माझंच मनगट दुखावं. उचलीच्या वहीत मात्र माणसं होती. शाळा उघडली की उचल, गावची जत्रा आली की उचल, म्हैस आटली की उचल, मेहुणा राहायला आला तरी उचल. फाउंड्रीत उचल न घेता सहा वर्षं काढलेला कामगार मला अजून भेटायचा होता. म्हणून मी पगारपत्रकातलं एकेक नाव घेऊन वहीत शोधत गेले.

दुपारी मला ते भेटले. अकरा जण होते. ना दहा, ना बारा.

दोन क्षण बरं वाटलं आणि मग लहू आठवला. लहू एका वड्यासाठी हजेरी लावणारा माणूस. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात. अकरा बिनपोटाची माणसं त्याची असती, तर दिवाळीला त्यानं त्यांना उचल घ्यायला लावली नसती? कधी न फेडायची उचल! मालक तर गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्यांवर न बघता सही करत. म्हणजे चोर असा कुणीतरी होता, ज्याला पगार घ्यायला लाज वाटत नव्हती, पण रणधीररावांपुढं एक चिठ्ठी सरकवायला वाटत होती.

मी काचेतून पाहिलं. संयोगिताबाई डबा सोडत होत्या.

भाकरी, वांगं, दही, ठेचा. एक ताट त्यांनी लहूला स्टोअरमध्ये नेऊन दिलं, एक भावाच्या दाराशी ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"अक्का," मी म्हणाले, "तुमच्या अकरा जणांनी कधी उचल का घेतली नाही?"

त्यांचा वाढता हात थांबला नाही. "ठेचा देऊ?"

"द्या."

त्यांनी दिला. मग स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडला. "उचलीला रणूची सही लागते. सही लागते म्हणजे मागावं लागतं." जरा चावून झाल्यावर म्हणाल्या, "एकदा मागितले होते. पोरीच्या शाळेला. 'चिठ्ठी टाक अक्का, बघतो' म्हणाला. त्या दिवशी ठरवलं, घेईन, पण मागायची नाही."

"चिठ्ठी टाकली असती तर आज तुम्ही सापडला नसता."

"हो का?" त्या खरोखरच हसल्या. "बघा. हे आबांनी शिकवलं नव्हतं."

"ही नावं कुठली?"

"सासरची. नवरा भट्टीवर. दोन्ही दीर वाळू चाळायला. सासऱ्यांना झाडलोट दिली. बाकीचे सगळे मला परत पाठवायच्या बैठकीला बसले होते ते. आडनावं तेवढी बदलली. सहा वर्षांत एकानंही खाडा केलेला नाही. सह्या मीच करायची, काही उजव्या हातानं, काही डाव्या."

"आणि रणधीररावांना ओळखू आली नाहीत?"

"रणू नावं वाचत नाही. बेरीज वाचतो."

मला हसू आलं आणि ते गिळताना ठेचा लागला. त्यांनी पाणी दिलं.

"आबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली," त्या म्हणाल्या. "बहिणी करतात तशी. हिरवी पैठणी मिळाली."

"मला इरकल मिळाली होती."

"काठ बरे होते?"

"पहिल्याच धुण्याला रंग गेला."

त्यांनी मान हलवली. धान्याचा भाव ऐकावा तशी. मग दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली.

"लहूच्या मुलीचं लग्न मोडेल," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"सहा वाजायचेत अजून." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला. "कुठं जाऊ, सांगा. सासरचं दार आतून बंद, माहेरचं फाटक बाहेरून. पोरगी बारावीला आहे. आज तोंड उघडलं तर रात्री दोघींचं सामान बाहेर येईल. लहूला मी जाऊ देणार नाही. पण अखेरच्या घडीपर्यंत मला माझ्या घरात बसू दे की."

"पैसे कुठे आहेत?"

"कारखान्यात."

"कारखान्यात कुठे?"

"ते तुमचं काम," त्या ताटं उचलत म्हणाल्या. "मी नुसती पाकिटं भरते."

दुपार लांबत गेली. माझ्यापुढं तो टाइप केलेला कागद होता आणि हिशेब तसा सोपा होता. सही केली तर लहू आत, माझी बिलं बाहेर. खरं लिहिलं तर एक बाई आणि तिची मुलगी रस्त्यावर. काहीच लिहिलं नाही तरी फौजदार लहूला नेणारच, कारण त्यांना काहीतरी न्यायचं होतं. मी उठून फाटकापर्यंत चालत गेले. वॉचमन बाहेर स्टुलावर बसून विडी ओढत होता.

"उघडता का जरा?"

"साहेबांनी सांगितलं की उघडतो."

"मला घरी जायचंय."

"जाशिला की," तो समजुतीनं म्हणाला. "सहाला."

परत आले आणि बाकीच्या वह्या काढल्या. पैसे कारखान्यात आहेत, असं ती बाई थट्टेनं म्हणाली नव्हती. थट्टा करताना ती हसायची, आणि हे बोलताना ती हसली नव्हती. रोकड तपासली, देणेकऱ्यांची खाती तपासली. मग ठेवींची यादी काढली. कारखाना नातेवाइकांकडून व्याजानं ठेवी घ्यायचा, सगळेच घेत. त्यातली सगळ्यात मोठी ठेव हेमलताबाईंची. तिच्याबद्दल रणधीरराव कौतुकानं सांगत, "आमची आई म्हणजे आमची बँक. चार म्हशी आहेत, सगळा दुधाचा पैसा माझ्याच कारखान्यात आणून घालते."

मी पावत्या पुढं ओढल्या. आठ तारीख. नऊ तारीख. पुन्हा आठ. सहा वर्षं, दर महिन्याला एकदा, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. म्हैस काही सात तारखेला पगार झाल्यावर दूध देत नाही.

बेरीज केली. अकरा जणांच्या सहा वर्षांच्या पगारापेक्षा ठेव थोडी कमी भरली. मी काचेच्या फटीशी गेले.

"मधला फरक?"

"पोरीच्या फिया," संयोगिताबाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि माझा चष्मा."

"आईसाहेबांना ठाऊक आहे?"

"मी पैसे नेऊन द्यायची. आई मोजायची आणि पावतीवर सही करायची. विचारलं कधीच नाही. तिनंही एकदा साडी घेतलीय ना."

साडेपाचला रणधीरराव बाहेर आले. दुपारची झोप झाली होती, चेहरा ताजा होता. "झाली सही?"

"बसा," मी म्हणाले. "अक्का, तुम्हीपण या."

"तिला कशाला?"

"पगार त्यांनी वाटले आहेत."

ते बसले. संयोगिताबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी अकरा नावं वाचली. आडनावं गाळून. पहिलं नाव ऐकून ते नुसते कंटाळले. चौथ्याला त्यांची मान वळली. सातव्याला ते बहिणीकडं बघत होते.

"हे तर तुझे..." ते म्हणाले.

"हो."

"अक्का, तू?"

"मी."

त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "घरात ठेवून घेतली. खायला-प्यायला घातलं. आणि तू माझ्याच... मॅडम, तो कागद फाडा. हिचं नाव लिहा. बहीण असली म्हणून काय झालं? फौजदार येतच आहेत."

"लिहिते," मी म्हणाले. "पैसे वसूल करायचेत ना पण?"

"पै न् पै."

"मिळाले आहेत. जवळजवळ सगळे कारखान्यातच आहेत." मी ठेवींची यादी त्यांच्यापुढं सरकवली आणि पावत्यांच्या तारखांवर बोट ठेवलं. बेरीज वाचणारा माणूस होता. समजायला वेळ लागला नाही. त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि मग यादीवर तळहात पालथा ठेवला, जणू तो आकडा उडून जाईल.

"आईची ठेव," ते पुटपुटले.

"गेल्या मंदीत ह्याच पैशांवर तुमची भट्टी चालली. बँकेनं तुमचं कर्ज नवं केलं तेही ही ठेव बघूनच. फौजदारांना आत घेतलं तर ते हीच वही उचलणार. मग बँकेचा माणूस येणार. त्याच्यामागून आयकराचा."

"मग ठेव माझीच झाली. खोडून टाका."

"नावावर आईसाहेबांच्या आहे. खोडायला त्यांची सही लागेल. ठेवीवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडते, अशी."

पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"साडी कुठल्या रंगाची आणतोस, रणू?" संयोगिताबाईंनी विचारलं.

रणधीररावांचा तळहात अजून यादीवरच होता. सकाळपासून त्या आवारात आम्ही तिघं कोंडलेले होतो. आता चौथाही आत आला होता, आणि कुलूप त्यानंच लावून घेतलेलं होतं.

"तुला पाहिजे काय, अक्का?" शेवटी त्यांनी विचारलं. थकलेला आवाज होता. मला वाटतं, त्यांनी तिला असं कधी विचारलंच नव्हतं.

"पगारपत्रकात नाव. माझं स्वतःचं."

"आणि पगार?"

"त्या अकरा जणांचा. ते आज काम सोडून गेले."

"अकरा माणसांचा पगार? एकटीला?"

"सहा वर्षं दिलास की. तक्रार नव्हती तुझी."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. साखळी खडखडायला लागली. रणधीरराव उठले, केसांवरून हात फिरवला आणि खिडकीकडं बघत मला म्हणाले, "काय सांगू त्यांना?"

"नावं चुकून राहून गेली होती, काम सोडून गेलेल्यांची. पैसे जागेवर आहेत. आणि चहा सांगा."

ते बाहेर गेले. त्यांचं हसणं आतपर्यंत ऐकू आलं. घशातून काढलेलं, पण हसणंच. मी तो टाइप केलेला कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि स्टोअरकडं गेले.

लहू दाराआडून सगळं ऐकत होता की काय कोण जाणे. "मी जाऊ का?" त्यानं विचारलं.

"जा. वडा खाणं बंद करा."

"बंदच," तो म्हणाला. पण गेला नाही. फौजदारांना निरोप देऊन रणधीरराव परत येईपर्यंत दाराशी घुटमळत राहिला आणि ते आल्यावर खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं धरली. "मालक, एवढी उचल. पोरीच्या लग्नाला."

रणधीररावांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. संयोगिताबाईंनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं. त्यांनी सही केली. पहिल्यांदाच मी त्यांना चिठ्ठीवरचं नाव वाचून सही करताना पाहिलं.

माझी बिलं पुढच्या आठवड्यात मिळाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी हेमलता फाउंड्रीचे हिशेब तपासले. संयोगिताबाई त्याच काचेआड बसायच्या. भावाला त्यांना काढता येत नव्हतं आणि त्यांना कुठं जाता येत नव्हतं. एकाच खोलीत दोघं, मध्ये चिकटलेल्या खिडक्या आणि आईची ठेव. मुलगी शिकून पुण्याला गेली, त्या गेल्या नाहीत. पगार बँकेतून व्हायला लागले, उचलीच्या चिठ्ठ्या मात्र चालूच राहिल्या. दरवर्षी मी आधी अक्कांचं पान काढायची. पगार वाढत गेलेला, खाडे फारसे नाहीत. उचलीचा रकाना कोरा.

त्या रकान्यावर बोट ठेवून मी वर पाहिलं की त्या काचेपलीकडून माझ्याकडंच बघत असायच्या.

"सापडले का मी, मॅडम," विचारायच्या, "की अजून एक वर्ष काढू?"